सरकीचं बाळ

जुने शहर, अकोला
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. भावनास,
सप्रेम जयभीम. अ. उ. आ.

तू माहेरी येशील म्हणून मी स्वतःच्या हातानं काय काय करून ठेवलं ते लिहून देतो, कारण तुझी आई सांगताना अर्धं गाळते. सागवानी पाळणा, त्यात खिळा एकही नाही, सगळे सांधे खोबणीत बसवलेले. पाळण्याच्या कड्या, आतून कानशीनं घासलेल्या, म्हणजे झोका देताना कुरकुर नाही. बाळंतिणीची बाज, तिची दोरीसुद्धा मीच वळली. न्हाणीत पाय पसरून बसायचा बसका पाट. खिडकीला जाळीचं दार, सोडलं की आपोआप मिटते. बाभळीचा खुळखुळा, आत ज्वारीचे दाणे. त्याले रंग लावला नाही, कारण पोट्टी तो तोंडात घालीन.

हे सगळं जानेवारीच्या अंदाजानं होतं. तुझ्या पोरीनं कोणाचं ऐकलं नाही. तिथंच अमरावतीले, आठव्यातच बाहेर आली. शेजारची सुंदराबाई परवा भिंतीवरून म्हणाली का आठव्यातलं लेकरू टिकत नाही. मी तिले म्हटलं, बाई, तुमी ज्योतिषी असाल तर दारावर पाटी लावा, अन् नसाल तर तोंडाले कडी लावा. तेव्हापासून ती दळणाले जाताना आपल्या दाराकडे पाहत नाही.

फोन करत जाऊ नको. वेल्डिंगच्या शेडातल्या ग्राइंडरपायी माझा उजवा कान गेला, डावा त्याच्या मागं चालला. तू वॉर्डात हळू बोलते, मी इकडून ओरडतो, अन् शेवटी दोघं नुसतं हॅलो हॅलो करून राहतो. जावई एसटीत कंडक्टर असल्याचा काही तरी उपयोग पाहिजे. सुगतराव अकोला-अमरावती गाडीवर आहेत तोवर पत्र त्यांच्या तिकिटाच्या पिशवीतून येईल-जाईल.

आता कामाचं. तू अजिबात घाबरू नको, मी पोरीसाठी उबेची पेटी करून राहिलो. पातूरच्या कोंबडीवाल्यांना पिल्लांच्या उबेसाठी मी पेट्या करून दिल्या होत्या, त्या थंडीत त्यांचं एक पिल्लू दगावलं नाही. मी कोणत्या कॉलेजात गेलो नाही, पण ऊब कशी धरून ठेवायची हे मले समजते. पोरीचं वजन ग्रॅममध्ये कळव. आईनं निरोप पाठवला का लहानशीच आहे. लहानशी हे काही वजन नाही.

सुगतरावांस जयभीम. जीव लावते तशीच लावत राहा.

तुझा बाबा,
देवमन

* * *

अमरावती
१२ डिसेंबर २०२४

ति. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र मी टेकून पडल्या पडल्या लिहिते आहे. पाठीशी उशा आहेत, छातीवर तुमची नात आहे, आणि गुडघ्यावर पुठ्ठा. अक्षर वाकडं आलं तर लाल पेन काढू नका. सुगत म्हणत होते, सासरवाडीला पत्र नेणारा मी जगातला शेवटचा पोस्टमन असेन.

वजन चौदाशे पन्नास ग्रॅम. जन्मली तेव्हा थोडी जास्त होती. पहिल्या दिवसांत सगळ्यांचंच उतरतं असं सिस्टर सांगतात, पण आता चढायला हवं. ते चढत राहिलं आणि तिला नीट ओढून पिता आलं, तरच घरी सोडतील. आधी ती आत, काचेत होती. तेव्हा तिच्या अंगाला नळ्या होत्या आणि मी बाहेरून नुसती बघायची. आता डॉक्टरांनी तिला माझ्याकडे दिलं आहे. म्हणजे अक्षरशः माझ्या अंगावर.

तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. इथे माया सिस्टर आहेत. दुपारी आम्हा सगळ्या आयांना गोल बसवून शिकवतात. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. आईच्या उघड्या छातीवर त्याला उभं झोपवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली, हनुवटी खाली पडू द्यायची नाही. वरून कापड गुंडाळून गाठ मारायची आणि मग दिवसभर तसंच राहायचं. फिरायचं, जेवायचं, झोपायचं. कांगारू नावाचं जनावर पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवतं ना, तसं. दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचं, कारण तिला अजून ओढायला जोर नाही.

आई पहिल्या दिवशी शेगडी, तेल आणि घुटीची पुडी घेऊन आली होती. मला वाटलं आता भांडण होणार. पण माया सिस्टरांनी आईचा हात धरला, बाळाच्या पाठीवरून नेऊन माझ्या छातीला लावला, आणि म्हणाल्या का आजी, कोळसा न घालता चालणारी शेगडी ही बघा. आईनं पुडी परत पिशवीत घातली. आता आईच दाराशी बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला साबणानं हात धुवायला लावते. काल एका डॉक्टरांनाही लावले.

दुपारी पडदे ओढले की वॉर्ड पाण्याखाली गेल्यासारखा होतो. हिरवा उजेड, कोणी बोलत नाही, नुसते श्वास. बाळाचा श्वास माझ्या श्वासावर होडीसारखा वर जातो, खाली येतो. मला डुलकी लागते आणि कळत नाही हे स्वप्न माझं की तिचं. काल दिसलं, मी मोर्णेच्या पुलावर उभी आहे, नदी भरलेली पण आवाज नाही, आणि माझ्या पोटाशी काहीतरी उबदार झोपलेलं आहे, त्याला अजून नाव नाही. जागी झाले तेव्हा तसंच होतं.

पेटीचं माया सिस्टरांना विचारून कळवते. तुम्ही मात्र ऊन पडल्याशिवाय शेडात जाऊ नका.

तुमची माया आहेच, ती आता थोडी नातीलाही वाटा.

तुमची,
भावना

* * *

जुने शहर, अकोला
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. भावनास,
सप्रेम जयभीम. अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर वाकडं आहे, पण लेकराखातर सोडलं.

तुझ्या माया सिस्टर शहाण्या असतील. पण माणसाच्या लेकराले जनावराचा धडा काहून? आपल्या अख्ख्या वऱ्हाडात कांगारू नाही, तरी आमी सगळे वाढलोच ना. तुझी छाती उबदार आहे हे मी मान्य करतो. पण तू खोकशील, शिंकशील, पाणी प्यायला उठशील. पेटी उठत नाही.

पेटी झाली. बाहेरून साग, आतून पत्रा, दोन्हींच्या मधात कापूस दाबून भरला. वरून काच, तिच्या कडेला रबर. खाली दोन बल्ब, पण ते लेकराले दिसत नाहीत, आड पाटी आहे. हवा ओली राहावी म्हणून कोपऱ्यात पाण्याची वाटी. ऊब ठरल्यापेक्षा वाढली का बल्ब आपोआप बंद व्हावे म्हणून एका जुन्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट काढून बसवला अन् घासून त्याची ताकद कमी केली.

आता रिकामी पेटी तापवून काही समजत नाही. आत लेकराएवढं ओझं पाहिजे. म्हणून मी तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याचं बाळ शिवलं अन् त्यात सरकी भरली. चौदाशे पन्नास ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर तोलून आणलं. सोनार हसला, हसू दे. डोक्यात सरकीसंगं थोडी वाळू टाकली, कारण लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असते. मानेत घट्ट काही भरलं नाही, तिथं लेकरातही जोर नसतो. हात-पाय ढिले ठेवले. करायचं ते बरोबर करायचं.

ते आत ठेवून बल्ब लावले अन् मी शेडाचं दार लोटून समोर बसलो. काय सांगू तुले. चहूकडे अंधार, भंगार, पत्रे, अन् त्याच्या मधात तो पिवळा उजेड. वाटलं, एखाद्या दूरच्या गावात एकच घर जागं आहे अन् त्या घरात माझी नात झोपली आहे. मी चहा घेतला नाही, बिडीही ओढली नाही. नुसता पाहत राहिलो.

रविवारी बावीस तारखेला शेषरावची जीप सांगितली आहे. पेटी गाडीच्या बॅटरीवर चालीन अशी जोडणी करून घेतली. डॉक्टरले सांग का आमचे बाबा सगळी सोय करून येत आहेत, अन् सही करून मोकळी हो. परक्यांच्या वॉर्डात पडून राहायला तुले बाप नाही काय?

जीव लावणाऱ्याचं ऐकत जा, एवढंच मागणं.

तुझा बाबा,
देवमन

* * *

अमरावती
१८ डिसेंबर २०२४

ति. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

आधी हसून घ्या, मग पुढचं वाचा. सोमवारी सुगत तुमच्याकडे माझे कपडे न्यायला आले होते, तुम्ही बाजारात गेला होता. शेडात उजेड दिसला म्हणून डोकावले, तर काचेखाली बाळ झोपलेलं. ते सांगतात का क्षणभर त्यांना ती खरीच वाटली. ही तिथे दवाखान्यात असताना इथे कशी आली? त्यांनी काच उघडून उचललं, तर डोकं मागे कललं आणि त्यांचा तळहात आपसूक मानेखाली गेला. मग सरकीचा वास आला. इथे येऊन हे सांगताना ते हसत होते, पण हात अजून तसाच धरलेला होता, वाटीसारखा.

आता पुढचं. बाबा, मी रविवारी येणार नाही.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. लहानपणी तुम्ही केलेली पाटी, दप्तराची पेटी, सायकलची सीट, कशालाच मी कधी नको म्हटलं नाही. पण हिचं वजन परवापासून जिथल्या तिथे आहे. आईला वाटतं मी काहीतरी चुकते आहे. मलाही वाटतं. माया सिस्टर म्हणतात, चुकत नाहीस, पण छातीवरून खाली ठेवायची वेळ कमी कर, अंघोळीला आणि जेवायला गेलीस की आजीकडे दे, खाटेवर नको. ती गार पडली की प्यायलेलं सगळं ऊब करण्यातच खर्च होतं, वाढीला उरत नाही.

पेटीचं मी त्यांना विचारलं. काम तुमचं कसं असतं तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, एवढं लहान बाळ कधी कधी श्वास घ्यायचं विसरतं, तेव्हा पेटी काय करेल? छातीवर असलं की खालून आईचा श्वास त्याला हलवत राहतो, आणि आईला लगेच कळतं. ज्यांना यंत्र लागतं त्यांना यंत्रच लागतं, पण ते आत आहे आणि त्याच्याशी डॉक्टर उभे असतात. घरी कोण उभं राहणार? मी राहीन, असं तुम्ही म्हणाल. मला माहीत आहे तुम्ही राहाल. पण किती वेळ, बाबा?

शेजारच्या खाटेवर अचलपूरची साधना होती. तिच्या सासऱ्यांनी असंच हट्टानं घरी नेलं, चांगल्या मनानंच नेलं. चौथ्या दिवशी बाळ परत आणलं तेव्हा त्याचे तळवे माठासारखे गार होते. आता ते काचेत आहे आणि साधना बाहेर उभी आहे. मी तिच्याकडे बघायचं टाळते.

एक विनंती आहे, तीही माझी नाही. सुगतनी बाळाची हकीगत सांगितल्यापासून माया सिस्टर माझ्या मागे लागल्या आहेत. त्यांच्याकडे शिकवायला प्लास्टिकची बाहुली आहे. ती हलकी आणि ताठ. तिच्यावर गाठ कशीही मारा, चालते. मग खरं बाळ हातात आलं की आया घाबरतात, कारण खऱ्या बाळाची मान कलते. तुमचं सरकीचं बाळ त्यांना शिकवायला हवं आहे. जीप आणू नका बाबा. ते बाळ पाठवा.

रागावलात तरी पत्र थांबवू नका, एवढा लोभ राहू द्या.

तुमची,
भावना

* * *

जुने शहर, अकोला
२१ डिसेंबर २०२४

चि. सौ. भावनास,
सप्रेम जयभीम. अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी सुगतरावांना चहाचंही विचारलं नाही. तू त्यांना माझ्या वतीनं पाजून दे.

मी पेटी करतो अन् मागणी येते बाहुलीची. ती बाहुली नाही, तोलायचं साधन आहे. दुकानदाराचा तराजू सोडून कोणी वजनंच मागावी तसं झालं. हे सगळं मी तुले लिहिणार होतो, चार पानं भरून लिहिणार होतो, अन् शेषरावच्या जीपले हवाही भरून घेतली होती. पण मी खोटं लिहीत नाही, म्हणून काय झालं ते लिहितो.

काल दुपारी शेवटची परीक्षा म्हणून पेटी पूर्ण वेळ चालू ठेवली. मी समोर बसलो होतो. डोळा केव्हा लागला ते समजलं नाही. स्वप्नात मी एका जिनिंगमध्ये उभा, चहूकडून कापूस उडून राहिला, पांढरा, बिनआवाजी, अन् त्यात कुठं तरी तुझी पोरगी आहे. मी कापूस बाजूले सारतो, खाली अजून कापूस. ती रडत नव्हती. रडली असती तर मले सापडली असती. मग तेलघाणीत येतो तसा वास आला. भाजल्या सरकीचा. स्वप्नात मले तो वास चांगला वाटला, भावना. गरम, खमंग. मी म्हटलं, चला, कोणाच्या तरी घरी चूल पेटली.

जागा झालो तर वास खराच होता. इस्त्रीचा थर्मोस्टॅट चिकटला होता. बल्ब बंदच झाले नाहीत. काच उघडली तर हात लावता येईना. लुगड्याच्या कापडाले पाठीवर तपकिरी डाग पडला होता.

सुगतरावांना जसा भास झाला तसा मले झाला नाही. मले पक्कं माहीत होतं ती सरकी आहे. तरी मी ते बाळ उचललं, अंगणात आणलं, अन् माठातलं पाणी त्याच्या पाठीवर टाकलं. सुंदराबाई भिंतीवरून पाहत होती. इतक्या दिवसांनी बोलली. म्हणाली, भाऊ, आत चला, मी चहा आणते. मी गेलो नाही. मग ती तिथंच उभी राहिली, मी उठेपर्यंत.

जीप नको म्हणून सांगितलं. वायरिंग मले सुधारता येते, तो प्रश्न नाही. प्रश्न असा का मी समोर बसलो होतो. शेडात दुसरं काही काम नव्हतं, डोकं ठिकाणावर होतं, अन् तरी मले झोप लागली. अन् ते रडलं नाही.

नवं बाळ शिवून पत्रासंगं याच गाडीनं पाठवून राहिलो. सरकी ताजी आहे. मान पहिल्यापेक्षाही ढिली ठेवली. बेंबीच्या जागी गाठ मारली आहे, म्हणजे पुढची बाजू कोणती हे अंधारातही समजावं. शिवण आतून आहे, धुतलं तर सरकीले मोड येतील, म्हणून वरचं आंगडं वेगळं काढता येईल असं केलं. हे तुझ्या सिस्टरले नीट सांग. आणि मान कलते हे त्यांनी ओळखलं, हेही सांग.

वजन कळव. चढलं का तेवढंच कळव, बाकी लिहिलं नाही तरी चालीन.

तुझा बाबा,
देवमन

* * *

अमरावती
२८ डिसेंबर २०२४

ति. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

वजन चढलं होतं. पंधराशे तीस. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी. मी पत्र दोनदा वाचलं आणि मग तिला इतकी घट्ट धरली की माया सिस्टर ओरडल्या, अगं तिला श्वास घेऊ दे.

तुमच्या सरकीच्या बाळाचं इथे फार कौतुक आहे. पहिल्या दिवशी सिस्टरांनी ते साधनाच्या हातात दिलं. मान कलली तशी ती दचकली, आणि रडायलाच लागली. मग तिच्या सासऱ्यांना बोलावून त्यांच्या हातात दिलं. त्यांना काही बोलल्या नाहीत, फक्त सांगितलं का बाबाजी, हे एक तासभर धरून बसा, आणि हात थकला की कसं वाटतं ते मला सांगा. ते गृहस्थ पागोटं काढून बसले. तासाभरानं त्यांनी विचारलं, सून दिवसभर हे कसं करते? त्यांचं बाळ काचेतून बाहेर आलं की आधी अंगावर कोण घेणार यावर आता सासरा-सुनेत स्पर्धा आहे. आई म्हणते, तुझ्या बापानं आयुष्यात एवढं काम केलं, पण बायांमध्ये नाव झालं ते बाहुलीनं. तिला साधन म्हणायचं असं मी सांगितलं. आई म्हणाली, बरं, साधन.

आता रागावू नका. खोकला आणि ताप मला परवापासून आहे, आईलाही. डॉक्टरांनी दोघींना काही दिवस बाळापासून दूर राहायला सांगितलं आहे. मी दुसऱ्या खोलीत आहे, दूध काढून पाठवते. सुगत ड्युटीवरून आले की तिला घेतात, पण दिवसभर ती खाटेवर आहे. कितीही गुंडाळली तरी तळवे गार. काल वजन वीस ग्रॅमनं उतरलं.

माया सिस्टर म्हणतात, घरातलं कोणीही चालतं. ऊब बाईचीच लागते असं नाही. कोण आहे घरी, असं त्यांनी विचारलं. तुम्ही अंगणातसुद्धा बनियनशिवाय येत नाही हे मला माहीत आहे. वॉर्ड सगळा बायांचा आहे. पडदा लावू म्हणाल्या.

बाबा, तुम्ही याल का? पेटी नको, काही करून आणू नका. नुसते या.

तुमची,
भावना

* * *

जुने शहर, अकोला
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. भावनास,
सप्रेम जयभीम. अ. उ. आ.

मागच्या आठवड्यातच सुखरूप पोचलो, लिहायला उशीर झाला. पोरगी सोळाशे नव्वदवर गेल्याचं सुगतरावांनी परवा स्टँडवर गाडीतूनच बोटं दाखवून सांगितलं, म्हणजे बोटांचे आकडे दाखवले. सगळी एसटी माझ्याकडे पाहत होती.

तू तिकडे तापात होती, म्हणून इकडचं तुले माहीत नाही. तुझी आई ऐकलेलं सांगीन, पण ती गाळते, अन् जिथं गाळत नाही तिथं वाढवते. म्हणून मीच लिहितो.

तुझ्या माया सिस्टरनं मले आधी न्हाणीत पाठवलं. नखं कापायला लावली. बिडीचा वास येतो म्हणून शर्ट बदलायला लावला, अन् जितके दिवस पोरगी अंगावर राहीन तितके दिवस बिडी बंद, हे असं सांगितलं जसं मी सातवीतला पोट्टा आहे. मग स्टुलावर बसवून माझ्या हातात माझंच सरकीचं बाळ दिलं. मी म्हटलं, बाई, हे मी शिवलं. त्या म्हणाल्या, शिवता येतं ते दिसलं, धरता येतं का ते बघते.

मले आलं नाही. मी कापडाची गाठ ट्रकवरच्या मालाले मारतो तशी मारली. त्यांनी गाठीत बोटं घालून दाखवली, जातच नव्हती. सोडायला लावली. दुसऱ्यांदा ढिली झाली, बाळ घसरून पोटावर आलं. तिसऱ्यांदा मान खाली. पडद्यापलीकडून बाया हसून राहिल्या होत्या. साधना म्हणे का आजोबा, हनुवटी, हनुवटी. चौथ्यांदा जमलं. मी विचारलं, झालं काय? त्या म्हणाल्या, अजून एकदा. शेडात पोरांना काम शिकवताना मी म्हणतो, तेच.

मग त्यांनी खरी आणली.

मी शर्ट काढला. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग छातीभर आहेत, ते मी इतकी वर्षं कोणाले दाखवले नाहीत. तिचा गाल नेमका एका डागावर आला. तिनं काही विचारलं नाही. बोटं उघडली अन् माझ्या छातीचे केस धरले, जसा कोणी अनोळखी गावात उतरल्यावर दाराची कडी धरतो. वजन असं काही लागलंच नाही. सरकीचं जास्त लागत होतं.

मले वाटलं होतं मी तिले ऊब देईन. मी जागा राहायचा ठरवून बसलो होतो, पेटीपुढं बसलो होतो त्याच्याहूनही नेटानं. पण पडदा ओढलेला, बाहेर हिरवा उजेड, अन् आतून तिचा श्वास. माझा वर गेला की ती वर, माझा खाली की ती खाली. मग ती थांबली. क्षणभरच. माझा श्वास चालूच होता, त्यानं तिले खालून हलवलं, अन् ती पुन्हा श्वास घेऊ लागली. मी काहीच केलं नाही. माझे दोन्ही हात रिकामे होते, तिच्या पाठीवर नुसते ठेवलेले.

त्यानंतर मले झोप लागली. हो, लागली. सिस्टर म्हणाल्या, लागू द्या, तुम्ही झोपलात तरी हे काम चालू राहते. टेकून बसलेला होतो, गाठ पक्की होती. स्वप्नात पुन्हा तो कापूस आला, पण या वेळी मी शोधत नव्हतो. कापूस माझ्यावर पडून राहिला होता अन् मी त्याच्या खाली जमिनीसारखा. खूप खोलवर काही तरी धडधडत होतं. ते तिचं का माझं, तू म्हणतेस तसं मलेही सांगता येत नाही.

पाच दिवस तसाच होतो. माया सिस्टर पहिल्या दिवशी बाबाजी म्हणत, शेवटच्या दिवशी नवीन बायांना म्हणत का गाठ कशी असावी ती आजोबांची बघून घ्या. मी गाठ दाखवली.

आता तू बरी झालीस, पोरगी तुझ्याकडे आहे. घरी सोडलं म्हणजे आधी अमरावतीच्याच घरी राहा, दवाखाना जवळ पडतो, तपासायला दर आठवड्याला न्यावं लागीन. माहेराची घाई नाही. इथं आली तरी ती खाली ठेवायची नाही, हे सुंदराबाईले सांगून ठेवलं. ती म्हणाली, भाऊ, तुमी दमले का माझ्याकडे द्या. मी तिले गाठ शिकवून राहिलो. सरकीच्या नव्या बाळांची मागणी आहे सिस्टरची, वेगवेगळ्या वजनाची पाहिजेत, ती शिवून राहिलो.

तुझ्या आईस, सुगतरावांस जयभीम. पोरीच्या पाठीवर हात ठेव, माझ्या वाट्याचा.

तुझा बाबा,
देवमन

ता. क. काल एक डॉक्टर शेडात आले होते, नवा दवाखाना काढून राहिले. कोणाकडून तरी पेटीचं ऐकलं. खाली बसून, काच काढून, सगळं पाहिलं. म्हणाले, थर्मोस्टॅट चांगला टाका, बाकी काम कंपनीपेक्षा सरस आहे. मले बरं वाटलं, खोटं काहून सांगू. त्यांना अशा पेट्या लोकांच्या घरी भाड्यानं द्यायच्या आहेत, म्हणजे लेकरू लवकर घरी जाईल अन् खाट मोकळी होईल. मी म्हटलं, साहेब, थर्मोस्टॅट मले असा बसवता येते का तो चिकटणार नाही, तो प्रश्न नाही. पण पेटी जितकी चांगली होईल तितक्या बाया लेकरू तिच्यात ठेवून पदर सावरून घेतीन, अन् त्यांचे बाप त्यांना म्हणतीन का बरोबर केलं. मीही म्हटलं असतं. त्यांना दहा पाहिजे होत्या, एकीचे बावीस हजार देत होते. मी नाही म्हटलं. दोन लाख वीस हजार.